‘ओ’ दिल्याशिवाय उठायचं नाही

इंटरनॅशनल सिटी, दुबई
रविवार, १ डिसेंबर २०२४

आशा,

हातात फोन असताना कागदावर लिहायचं आणि त्या कागदाचा फोटो काढून पाठवायचा, हा माझा उद्योग बघून रामेश्वर हसतोय. हसू दे. खोलीत आम्ही आठ जण. मी फोनवर ‘कैवल्य रांगायला लागला का’ असं विचारलं, की उरलेले सातही जण रांगून दाखवतात. शिवाय इथे व्हॉट्सॲपवर बोलणं होत नाही, नुसते फोटो आणि मेसेज जातात, आणि तुला तर तेवढ्यासाठीही रेंज शोधत वर सड्यावर, कातळमाळावर, चढावं लागतं. एवढी चढून येतेस तर वाचायला चार ओळी जास्त असाव्यात.

बातमी अशी, की मला सिनेमात काम मिळालंय! शेजारच्या बिल्डिंगमधला तय्यब सिनेमावाल्यांना गर्दीची माणसं पुरवतो. म्हणाला, “गणू, संडे को फ्री है? चल, यल्ला, सोल्जर बनाता हूं तेरे को.” मी आणि रामेश्वर दोघेही गेलो. रामेश्वर म्हणजे तो वाशिमचा शटरिंगवाला, माझ्या खालच्या बर्थवर झोपतो, मागे तुला त्याने बिब्ब्याचं औषध सांगितलं होतं तोच.

एक मोठं गोदाम आहे, पूर्वी त्यात गोठवलेलं मटण ठेवत. त्यात त्यांनी अख्खं जंगल उभं केलंय. झाडं, बर्फ, मधून गोठलेली नदी. बाहेर ऊन आणि वाळू, आणि दार उघडून आत गेलं की तोंडातून वाफ निघते. गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वीच्या महायुद्धातली आहे. बेल्जियम नावाच्या देशात भर हिवाळ्यात जर्मन फौज मागे हटत होती आणि अमेरिकन तिला रेटत होते. जर्मनांचं पेट्रोल संपलेलं, म्हणून रणगाडे तिथेच टाकून बर्फातून चालत निघालेले. तय्यब म्हणतो, गोळीपेक्षा थंडीनेच जास्त माणसं गारद झाली. खरंखोटं त्याला माहीत. पण ती पांढरी झाडं बघून मला दोन्हीकडच्या पोरांची कीव आली.

दिवसाचे दोनशे दिरहम देतात, म्हणजे आपले साडेचार हजारांच्या वर. काही रविवार असे गेले की तिकिटाची सोय होते. मग जानेवारीअखेर मी घरी. मुलगा सात महिन्यांचा झाला आणि बापाने त्याला अजून उचललेलं नाही, हे मला आता सोसवत नाही.

हे कुणाला सांगू नकोस. कंपनीला कळलं तर व्हिसा खलास.

तुझा गणू

•

कातळवाडी, ता. देवगड
६ डिसेंबर

अहो,

तुम्ही म्हणालात कुणाला सांगू नकोस, म्हणून मी फक्त आबांना सांगितलं. आबांनी फक्त देवळात सांगितलं. आता सगळी वाडी मला ‘सैनिकाची बायको’ म्हणते. दुबईला कळायचं नाही, काळजी नको. फोटो पाठवा. टोपीत कसे दिसता ते मला बघायचंय.

कैवल्य रांगतो. मागच्या मागे रांगतो. पुढे यायचं असलं की पाय झाडतो आणि भिंतीला जाऊन टेकतो, मग रडतो. तुमच्या जर्मन फौजेत घ्या त्याला.

इकडे जत्रेची तयारी चालू आहे. देवळामागची जुनी विहीर, फरशी टाकून बंद केलेली, ती यंदा उघडली. पंप लावून पाणी उपसलं, गाळ काढायला खालच्या वाडीतले दोघे आले. आबांना घरी बसवेना. काठी टेकत गेले आणि काठावर बसून सगळ्यांवर ओरडत राहिले. आधी कंदील सोडा, कंदील सोडा! पोरं हसत होती. कंदील सोडला तर अर्ध्यावर जाऊन विझला. मग मात्र कुणी हसलं नाही. दोराला हिरवे टहाळे बांधून दुपारपर्यंत वरखाली केले, वारा खेळवला, कंदील तळाशी जळत राहिला तेव्हा कुठे माणूस उतरला.

संध्याकाळी आबा मला याच विहिरीत गेलेल्या त्यांच्या भावाचं, भाऊकाकांचं सांगत बसले. पूर्वी अर्धंमुर्धंच ऐकलं होतं. आधी मजूर उतरला तो पडला, त्याला काढायला भाऊकाका उतरले ते त्याच्या अंगावर पडले, आणि आबा उतरणार तेवढ्यात कुणीतरी त्यांना मागून मिठी मारून धरलं. आबा म्हणाले, “पहिला चुकून मरतो, दुसरा मायेने मरतो.” मजुराच्या आईला सांगायलाही आबांनाच जावं लागलं म्हणे. तिला काय सांगितलं ते मात्र बोलले नाहीत. जेवलेही नाहीत.

असं काहीबाही लिहून तुम्हाला कशाला त्रास द्यायचा. थंडीत स्वेटर घाला. सैनिकांना देतात का?

तुमची आशा

•

दुबई
सोमवार, ९ डिसेंबर

आशा,

फोटो पाठवता येत नाही. गोदामाच्या दारातच फोन बंद करून एका पिशवीत टाकायला लावतात, शूटिंग संपल्यावर परत मिळतात. पण खरं कारण वेगळंच आहे आणि ते सांगून टाकतो, नाहीतर तू वाडीभर पेढे वाटशील.

मी सैनिक आहे, पण मेलेला. मी आणि रामेश्वर मेलेले जर्मन. नदीच्या मधोमध एक लांब चर खणल्यासारखा केलाय, माणसाच्या खांद्याइतका खोल. मागे हटणारे जर्मन त्यात सापडतात आणि अमेरिकन वरून गोळ्या घालतात, असा सीन आहे. आम्ही वीसेक जण त्यात पालथे पडून राहायचं. तय्यब हाक देतो, “चलो भाई, यल्ला, मरने का टाइम हो गया.” की आम्ही उतरून मरतो. तोंड बर्फात, म्हणजे कागदाच्या भुश्यात, म्हणून आम्ही जर्मन की कोकणी हे कुणाला कळत नाही.

वर धुकं लागतं. त्यासाठी पांढऱ्या बर्फाच्या लाद्या आणतात, ड्राय आइस म्हणतात. गंमत म्हणजे हा बर्फ वितळून पाणी होत नाही. नुसता धूर होतो, आणि तो धूर वर न जाता जमिनीवरून सरपटत येऊन आमच्या चरात उतरतो. दिसायला फार सुंदर. नाकात गोटी सोडा प्यायल्यासारख्या झिणझिण्या येतात. काल जरा डोकं चढलं होतं, पण बाहेर उन्हात बसलो की उतरतं. थंडीची सवय नाही ना आपल्याला.

रामेश्वर महाबिलंदर. दोन शॉटच्या मध्ये चरात बसल्या बसल्या बिडी ओढावी म्हणून लायटर काढला, तर तो पेटेचना. वर काढला की पेटतो, खाली नेला की विझतो. ड्रॅगन मार्टच्या चिनी मालाला दोन शिव्या हासडून त्याने बिडी कानावर ठेवली. म्हणाला, “मेलेल्या माणसाले बिडी कोन देते बे?”

रागावलीस? थोडेच रविवार उरलेत.

तुझा गणू

•

कातळवाडी
१३ डिसेंबर

अहो,

रागावले. सड्यावर उभी राहून वाचलं. अंगावर पोर आहे, घरात म्हातारा आहे, आणि तुम्ही पैसे घेऊन मरून दाखवताय! दुसरं काम मिळालं नाही का? झाड व्हायचं होतं, दगड व्हायचं होतं.

तुम्ही म्हणाल हिला सगळीकडे अपशकुन दिसतात. दिसतात. तुमचा जन्म याच गावातला, तुम्हाला काय माहीत नाही? आपल्या जत्रेत कुणी मेलेल्याचं सोंग घेतलं, की बाजूला उभा असलेला माणूस त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतो. राक्षसाच्या नाही, राजाच्या नाही, खऱ्या नावाने. त्याने ‘ओ’ दिली तरच तो उठतो. ‘ओ’ दिल्याशिवाय उठायचं नाही. तुमचे तिकडचे साहेब हाक मारतात का? नसतील मारत. मग तुम्ही रामेश्वरभावजींना मारा, ते तुम्हाला मारतील. प्रत्येक वेळी. माझी शपथ आहे.

आबांना तुमचं पत्र वाचून दाखवायचं होतं. ते वाट बघत ओटीवर बसले होते. मी वरचं आणि खालचं वाचलं, मधला चराचा आणि लायटरचा भाग गाळला. विहीर उघडल्यापासून त्यांना झोप नाही, त्यात मुलगा मेल्याचं सोंग करतो हे कुठे ऐकवू? म्हटलं, सैनिक आहेत, मजेत आहेत, फक्त थंडीने डोकं दुखतं.

डोक्याला सुंठ लावा. तिथे मिळते का सुंठ?

आशा

•

दुबई
मंगळवार, २४ डिसेंबर

आशा,

तुझी शपथ पाळतोय. ‘कट’ झालं की मी ओरडतो, “रामेश्वर!” आणि तो बर्फातून म्हणतो, “ओ!” मग तो ओरडतो, “गणू!” आणि मी ओ देतो. पहिल्या दिवशी सगळे हसले. आता बाकीच्या मेलेल्यांनीही उचललंय. बंगाली बंगाल्याला हाक मारतो, नेपाळी नेपाळ्याला. तय्यबला तर त्यामुळे हजेरी घ्यावी लागत नाही.

रामेश्वरला याची सवय आहेच. त्याची माय दर रविवारी संध्याकाळी फोन करते. नातू लावून देतो. ती हॅलो-बिलो काही म्हणत नाही, शेताच्या बांधावरून मारावी तशी “रामेश्वर?” म्हणून हाक मारते आणि हा “ओ” म्हणतो. मग ती विचारते, जेवलास का. एवढंच बोलतात दोघं, पण ते झाल्याशिवाय तो जेवत नाही.

आता तुझ्या काळजीवर औषध. मी जिवंत झालो! एक अमेरिकन आलाच नाही म्हणून माझी उंची बघून मला वर घेतलं. हेल्मेट, वर मफलर, हातात लाकडी बंदूक. काठावर उभं राहायचं आणि चराकडे नेम धरायचा. गेल्या रविवारी मी बरोबर रामेश्वरच्या पाठीवर नेम धरून उभा होतो. ते मात्र बरं वाटलं नाही. धुरात त्याचा कोट तेवढा दिसत होता.

वर आल्यापासून माझं डोकं दुखलेलं नाही. रामेश्वरचं दुखतं. परवा उठताना धडपडला, ओठ निळे पडले होते. म्हटलं, तूही वर ये, मी तय्यबला सांगतो. तर म्हणे, “मले तं तिथं मस्त झोप येते बे. आईच्या कुशीत झोपल्यावानी.” आणि आता त्याला वर कोण येऊ देईल? डायरेक्टर त्याच्यावर खूश आहे. म्हणतो, इतका हुबेहूब मेलेला माणूस दुसरा नाही. पूर्वी तो घोरायचा, खाजवायचा, शिव्या खायचा. आता हलतही नाही.

पाच जानेवारीला शेवटचा दिवस. सगळ्यात मोठा सीन, चर धुराने काठोकाठ भरायचाय. तिकीट तीसचं बघितलंय. आबांना सांग, मुलगा जिवंत अमेरिकन झाला.

तुझा गणू

•

रविवार, ५ जानेवारी २०२५
सड्यावरून

अहो कागद नाही, असंच टाइप करतेय. तुमचा फोन बंद लागतोय. रामेश्वरभावजींचाही बंद आहे.

आज सकाळी आबा म्हणाले, गणूचं डोकं वर गेल्यावर दुखायचं थांबलं म्हणालीस ना, वर म्हणजे कुठून वर? मी फोन काढला. ते म्हणाले, सगळं वाच. मी पहिल्यापासून सगळं वाचलं. लायटरचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. वर काढला की पेटतो, खाली नेला की विझतो. आबा काठी न घेता उभे राहिले हो.

ती विहीर आहे. तो चर म्हणजे विहीरच आहे. तो धूर श्वास घेऊ देत नाही. कुणालाही खाली उतरू देऊ नका. रामेश्वरभावजींना वर काढा. आणि ते पडलेच तर तुम्ही उतरू नका. आबा सांगतात, दोर टाका, उतरू नका.

मी गाळायला नको होतं. मी तेव्हाच वाचलं असतं तर आबांना तेव्हाच कळलं असतं.

एकच टिक दिसतेय. दुसरी येईपर्यंत मी इथून हलणार नाही.

•

दुबई
सोमवार, ६ जानेवारी

आशा,

मी जिवंत आहे. दोन शब्द तुला काल रात्रीच पाठवले, तरी हे पुन्हा आधी लिहितो. मला खरचटलंसुद्धा नाही. रामेश्वर गेला.

तुझा मेसेज मी सगळं झाल्यावर वाचला. फोन पिशवीतच होते. तू स्वतःला दोष देऊ नकोस. लायटर विझताना माझ्या डोळ्यांनी बघितला होता. भाऊकाकांच्या घरातला मी, कंदील सोडायला सहाव्या वर्षी शिकलो. पण माझ्या डोक्यात विहीर म्हणजे काळी आणि ओली. पांढरी, दिवे लावलेली, वर कॅमेरे असलेली विहीर मी कधी बघितली नव्हती.

काल लाद्या नेहमीच्या दुप्पट आणल्या होत्या. पूर्वी दोन मोठे पंखे चालू असायचे, ते बंद केले, धुकं हलतं म्हणून. दारंही लावून घेतली. बाकीच्या मेलेल्यांना या सीनला काठाच्या पायऱ्यांवर टाकलं होतं. तळाशी एकटा रामेश्वर, कारण कॅमेरा शेवटी त्याच्यावर येऊन थांबणार होता. उतरण्याआधी त्याने मला डोळा मारला. म्हणाला, “नीट नेम धर बे, मागच्या टायमाले हुकला होता.”

आम्ही काठावर रांगेने उभे राहिलो. धूर माझ्या बुटापर्यंत आला होता. बराच वेळ शॉट चालला. मग डायरेक्टर ‘कट’ म्हणाला आणि टाळ्या वाजवायला लागला. रामेश्वरकडे बोट दाखवून बाकीच्यांना म्हणाला, बघा, असं मरायचं. सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. आशा, मीही दोनतीनदा वाजवल्या.

मग मी हाक मारली. रामेश्वर! ओ आली नाही. परत मारली. पायऱ्यांवरचे बंगाली हसले, त्यांना वाटलं तो मस्करी करतोय. तिसऱ्यांदा मी इतका ओरडलो की टाळ्या थांबल्या. त्या एवढ्या मोठ्या गोदामात तो मेलाय की मेल्याचं सोंग करतोय हे ओळखायला आमच्याकडे तेवढी एक हाकच होती.

मी बंदूक टाकली आणि उडी मारणार तेवढ्यात माझ्याआधी तय्यब उतरला. “क्या हुआ रे, उठ, उठ” म्हणत खाली वाकला आणि वाकलेला तसाच गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. त्याच्या मागून मी उतरायला एक पाय टाकला होता. तेव्हा मला विहीर दिसली. आबांचं वाक्य तुझ्या अक्षरात डोळ्यांसमोर आलं. पहिला चुकून, दुसरा मायेने. मी पाय वर घेतला.

तो पाय वर घेणं काय होतं, हे मी तुला सांगू शकत नाही. रामेश्वर माझ्यापासून दोन हातांवर होता. त्याची कानावरची बिडी दिसत होती.

मी ओरडून सगळ्यांना मागे रेटलं, दारं उघडायला लावली, पंखे लावायला लावले. कुणी ऐकलं, कुणी नाही. सीनमध्ये जर्मन लोक एक गाडा ओढत नेतात, त्याला दोर होता. त्याचा फास करून पोटावर झोपलो, श्वास कोंडून तय्यबच्या दंडात अडकवला. तो वर होता, आधी त्याच्यापर्यंत हात पोचला. त्याला ओढून काढला. तो हॉस्पिटलात आहे, बोलतोय. रामेश्वरला काढेपर्यंत उशीर झाला होता. त्याला बाहेर उन्हात ठेवला. बूट बर्फाच्या भुश्याने पांढरे, अंगावर जर्मन कोट, आणि बाजूला आम्ही सगळे अमेरिकन. कुणाला काय करावं कळत नव्हतं. पोलीस आले, त्यांनी आधी विचारलं, यातला खरा कोण मेलाय.

मी हाका मारत राहिलो. ॲम्ब्युलन्सवाल्याने खांद्यावर हात ठेवला तरी थांबलो नाही. तूच सांगितलं होतंस ना, ओ दिल्याशिवाय उठायचं नाही. मला वाटत होतं, मी थांबलो तर तो खरंच उठणार नाही.

पुढे काय होईल माहीत नाही. जबाब झालाय, पंखे बंद होते हे सांगितलंय. कंपनीला सगळं कळेल. व्हिसा जाईल बहुतेक, जाऊ दे. मी येतोय. तीसच्या आधीच येईन. कैवल्यला ओटीवर घेऊन बस.

पण आशा, एक गोष्ट राहिली आहे, आणि त्यासाठीच हे लिहायला बसलो. आबांना आता काही गाळू नकोस, हेही त्यांना वाचून दाखव.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. पिशवीतले फोन परत दिले, त्यात रामेश्वरचाही माझ्याच हातात दिला. चालू आहे का बघावा म्हणून चालू केला. रविवार आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. तो लगेच वाजला. सांगायचं ठरवूनच मी कानाला लावला. पलीकडून तिने हाक मारली, “रामेश्वर?”

माझ्या तोंडून ओ गेली.

दिवसभर मी त्या एका अक्षराची वाट बघत होतो, ते माझ्याच तोंडातून बाहेर पडलं. म्हातारीला काही वेगळं वाटलं नाही. तिने विचारलं, जेवलास का रे. मी हो म्हणालो. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

ती आत्ता निवांत झोपली असेल. कंपनीचा फोन तिला लागण्याआधी मला लावायचाय. आबांना विचार आणि सड्यावर येऊन लगेच लिही, त्या मजुराच्या आईसमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य काय म्हटलं होतं?

गणू